मॅन्डरिनला जोडीदार आणण्याआधी

प्रश्न : मुलगा गेल्या वर्षी नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि जाताना हॉलमधला खाऱ्या पाण्याचा चार फुटी टँक माझ्या हवाली करून गेला. मी ६३ वर्षांची, कर्वेनगरला एकटीच राहते. मीठ मोजणं, पाणी बदलणं हे सगळं त्याने व्हिडिओ कॉलवर शिकवलं आणि मला जमलंही. टँक अडीच वर्षांचा आहे. त्यात दोन क्लाउनफिश, एक सहा रेघांचा रॅस, एक लाल-पांढरी कोळंबी आणि मॅन्डरिन नावाच्या रंगीत माशाची एक मादी आहे. मॅन्डरिन मुलगा मार्चमध्ये सुट्टीवर आला तेव्हा आणली. ती दिवसभर एकटी दगडांच्या कडेने फिरते आणि संध्याकाळी कोपऱ्यात जाऊन बसते. संध्याकाळचा चहा मी तिच्यासमोरच घेते, पण तिचं एकटेपण बघवत नाही. दुकानदार म्हणतो, नर आलाय, घेऊन जा, सगळं खातो. मुलगा दिवाळीत येणार आहे. तोवर जोडी झालेली त्याला दाखवावी असं मनात आहे. नर आणू का? – एक आई, कर्वेनगर

काकू, सप्रेम नमस्कार.

आज आणू नका. आत्ता आषाढ चालू आहे, दिवाळीला चांगला अवकाश आहे आणि तोवर जोडी होणं अशक्य मुळीच नाही. पण ते दुकानात नर आहे की नाही यावर ठरणार नाही, तुमच्या टँकमध्ये दोघांना पुरेल इतकं खाणं आहे का यावर ठरेल. त्याआधी एक काम आज रात्रीच करायचं आहे, ते पुढे सांगतो.

आधी तिच्या एकटेपणाबद्दल. तुम्ही ते ज्या मायेने लिहिलंय ते वाचून मी थोडा थांबलो. मॅन्डरिन हा कळपाने राहणारा मासा नाही. फिलिपीन्स, इंडोनेशिया, पलाऊ आणि वर जपानच्या र्‍युक्यू बेटांपर्यंतच्या उथळ, संथ पाण्यात, पोवळ्यांच्या तुकड्यांच्या ढिगात तो राहतो आणि दिवसभर आपापल्या वाटेने खाणं शोधत सरपटतो. नर-मादी जवळ येतात ती तिन्हीसांजेला, थोड्या वेळापुरती. त्यामुळे तुमची मॅन्डरिन दिवसभर दगडाच्या कडेने एकटी फिरते, ते तिचं रोजचं काम आहे. रात्री कोपऱ्यात किंवा दगडाच्या कपारीत बसते, ती तिची झोपायची जागा. यात काळजीचं काही नाही.

काळजी करावी अशी गोष्ट वेगळी आहे आणि ती तुम्हाला चहाच्या कपासोबतच तपासता येईल. उद्या पाच मिनिटं घड्याळ लावून तिच्याकडे बघा. धडधाकट मॅन्डरिन एका जागी थांबते, डोळे फिरवून दगड न्याहाळते, मान किंचित खाली करून झटकन टोचते, दोन पावलं पुढे सरकते, पुन्हा टोचते. पावलं म्हणतोय ते अगदी खरं, कारण पोटाखालच्या पंखांवर ती जवळजवळ चालतेच. दर काही सेकंदांनी एक टोच, दिवसभर. कोंबडी अंगणात दाणे टिपते ना, तसं. ती नुसतीच फिरतेय आणि टोचतच नाही, किंवा भर उजेडात बसून राहतेय, असं दिसलं तर ती उपाशी आहे असं समजा.

मग तिचं पोट बघा. बाजूने बघितलं तर पोट सपाट किंवा किंचित गोलसर दिसायला हवं. ती समोर तोंड करून येईल तेव्हा डोक्याच्या लगेच मागे, दोन्ही बाजूंना, खळगा पडलाय का बघा. पडला असेल तर तो पोट आत जाण्याच्याही पुढचा टप्पा असतो.

हे इतकं ठासून सांगतोय त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी स्वतः मॅन्डरिनची जोडी आणली होती. तीन फुटी टँक, लावून जेमतेम चार महिने झालेले. 'सगळं खातात' हे वाक्य मीही दुकानात ऐकलं होतं आणि त्यावर विश्वास ठेवला होता. पहिले पंधरा दिवस घरी येणारा प्रत्येक जण टँकसमोरून हलत नव्हता. मी रोज फ्रोझन मायसिस, म्हणजे गोठवलेल्या बारीक कोळंब्या, टाकायचो, ते संपायचं, म्हणून मी निर्धास्त. प्रत्यक्षात ते कोळंबी आणि क्लाउन संपवत होते. महिन्याभराने एका संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, हिचं डोकं मोठं दिसायला लागलंय." डोकं तेवढंच होतं, मागचं अंग आटत चाललं होतं. मी तेव्हा धावपळ केली, पण उशीर झाला होता. सातव्या आठवड्यात मादी गेली आणि नवव्यात नर. दोघेही शेवटपर्यंत दगडावर टोचत होते. दगडावर काही उरलंच नव्हतं.

मॅन्डरिनचं मुख्य खाणं म्हणजे कोपेपॉड. टँक ठेवणारे नुसतं 'पॉड' म्हणतात. तिळाच्या दाण्याहूनही पुष्कळ लहान, कोळंबीच्या कुळातले जीव. दगडाच्या भोकांत, वाळूत, काचेवर राहतात आणि तिथेच वाढतात. ॲम्फिपॉड, बारीक किडे, इवल्याशा गोगलगायीही तिला चालतात, पण पोट भरतं ते पॉडवर. तिचं तोंड लहान, खाणं सावकाश आणि सतत. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर खाणं टाकलं की झालं, असा हा मासा नाही. क्लाउनफिश टाकलेलं खाणं पाण्यातच झडप घालून पळवतात, आणि मॅन्डरिन विचार करून टोचायला जाते तोवर तिथे काही शिल्लक नसतं. तुमच्या मॅन्डरिनने मार्चपासून तग धरलाय, म्हणजे टँकमध्ये पॉड आहेत हे नक्की. प्रश्न आहे तो किती आहेत याचा, आणि त्यात दुसरं तोंड आलं तर काय होईल याचा.

तर आजचं काम. रात्री टँकचे दिवे बंद झाल्यावर तासा-दीड तासाने हॉलमध्ये अंधार करा आणि मोबाइलचा टॉर्च काचेला जवळजवळ टेकवून लावा. पॉड रात्री बाहेर पडतात. काचेवर बारीक पांढरे ठिपके दिसतील, काही सरकणारे, काही अचानक उडी मारणारे. काचेवर तळहात ठेवून तेवढी जागा डोळ्यांनी आखून घ्या. तेवढ्यात भरपूर ठिपके दिसले, मोजताना घोटाळा व्हावा इतके, तर टँक चांगला चाललाय. शोधून शोधून तीन-चारच सापडले तर आहे त्या मादीलाच खाणं कमी पडतंय. वाळू काचेला टेकते तिथेही बघा, तिथे बारीक बोगदे आणि त्यांतली हालचाल दिसते. हे आठवड्यातून एकदा, एकाच वेळी करा आणि वहीत लिहून ठेवा.

आता तुमच्या पत्रातल्या एका ओळीकडे येतो, जी तुम्ही सहज लिहून पुढे गेलात. 'एक सहा रेघांचा रॅस.' काकू, हा मासा दिसायला देखणा आहे, पण तोही दिवसभर दगड धुंडाळून पॉडच खातो. मॅन्डरिनपेक्षा चपळ, तिच्यापेक्षा भांडखोर. म्हणजे तुमच्या टँकमध्ये एकाच ताटात दोघं जेवतायत आणि त्यातला एक भराभर जेवतो. रॅस असताना तिसरा जेवणारा आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जोडी हवी असेल तर रॅसला दुसरं चांगलं घर शोधा. मुलाचे टँक ठेवणारे मित्र असतील, नाहीतर दुकानदार परत घेतो. तो जाळीने पकडायला जाऊ नका, सगळे दगड उचकटावे लागतील. पाण्याची प्लास्टिकची बाटली मानेखाली कापा, तो वरचा भाग उलटा करून आत बसवा आणि आत खाण्याचा तुकडा ठेवून बाटली तळाशी आडवी ठेवा. आत शिरायला सोपं, बाहेर पडायला अवघड. एक-दोन दिवस लागतात, पण दगड हलवावे लागत नाहीत. कोळंबी राहू द्या, तिचा बंदोबस्त पुढे सांगतो.

टँकचं गणित. चार बाय दीड बाय दीड फूट धरलं तर साधारण २५० लिटर होतात, दगड आणि वाळू वजा जाता दोनशेच्या आसपास. परदेशातले अनुभवी लोक एका मॅन्डरिनसाठीसुद्धा मुरलेला, पावणेतीनशे लिटरचा टँक सांगतात. तुमचा टँक अडीच वर्षांचा आहे ही फार जमेची बाजू, कारण पॉड वाढायला वेळच लागतो. पण नुसत्या भरवशावर दोघं त्यात राहणार नाहीत. बाहेरून पॉड वाढवून टाकत राहावं लागेल. मला वाटतं, तुम्हाला हे जमेल. ज्या घरात विरजण चुकत नाही, तिथे हे चुकू नये.

पाच लिटरच्या दोन पारदर्शक बरण्या घ्या, साबण न लावता धुवा. टँकमध्ये वापरता तेच मिठाचं पाणी त्यात भरा. छोट्या एअर पंपाची नळी आत सोडा, पण टोकाला बुडबुडे काढणारा दगड (एअर स्टोन) लावू नका. बारीक बुडबुड्यांचा फेस पॉडना सोसत नाही. सेकंदाला एक-दोन मोठे बुडबुडे पुरेत. समुद्री टँक ठेवणाऱ्यांकडून किंवा दुकानातून पॉडची सुरुवातीची बाटली आणा. 'टिस्बे' मिळाले तर उत्तम, ते दगडांत लपून राहतात आणि टँकमध्येच वाढत जातात. 'टिग्रिओपस' नावाचे थोडे मोठे, लालसर असतात. मॅन्डरिन ते आवडीने खाते, पण ते मोकळ्या पाण्यात पोहत राहतात आणि लगेच फस्त होतात. म्हणून टिस्बे रोजच्या भाजी-भाकरीसारखे आणि टिग्रिओपस सणासुदीला, असं समजा.

त्यांचं खाणं म्हणजे सूक्ष्म हिरवं शेवाळ. नॅनोक्लोरोप्सिस नावाने हिरवी बाटली मिळते, ती फ्रिजमध्ये ठेवायची आणि घरी येणाऱ्या सगळ्यांना सांगून ठेवायची. बरणीतलं पाणी पालक उकळलेल्या पाण्याइतकं फिकं हिरवं दिसेल एवढंच टाका. दोन-तीन दिवसांत पाणी नितळ झालं की पुन्हा थोडं. घाई करून गडद हिरवं केलंत तर बरणी सडते आणि वास येतो. दुसरी बरणी त्यासाठीच आहे, एक बिघडली तर दुसरीतून सुरुवात करता येते. दोघींची नळी, चमचा, गाळणी वेगळी ठेवा. तीन आठवड्यांनी बरणीला उजेड दाखवलात की भिंतीवर धुळीसारखी हालचाल दिसेल. मग दर आठवड्याला पाव बरणी काढून बारीक जाळीतून गाळा आणि रात्री, दिवे गेल्यावर, पंप थोडा वेळ बंद ठेवून दगडांच्या पायथ्याशी सोडा. दिवसा सोडलंत तर क्लाउनफिशची मेजवानी होते.

टँकमध्ये त्यांना लपायला जागाही हवी. मागच्या कोपऱ्यात बोराएवढ्या खड्यांचा, मूठ-दोन मुठींचा ढीग करा, त्यात मासे शिरू शकत नाहीत आणि पॉड निवांत वाढतात. खाली सम्प, म्हणजे पाणी गाळायची जोडटाकी, असेल तर त्यात कीटो नावाचं, हिरव्या दोऱ्यांच्या गुंत्यासारखं शेवाळ ठेवा आणि त्याचा दिवा रात्री लावा. गाळणीची पिशवी वापरत असाल तर ती पॉडही अडवते, म्हणून आठवड्यातले काही दिवस काढून ठेवा. यासाठी कोणी 'लाइव्ह रॉक' म्हणून समुद्रातला पोवळ्याचा दगड देऊ केला तर घेऊ नका. आपल्याकडे दगडी पोवळी वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. सिरॅमिकचे किंवा सुके दगड तेच काम करतात, वेळ थोडा जास्त घेतात इतकंच.

हे चालू असताना मादीला वाढलेलं खाणं खायची सवय लावा. जॅमची छोटी काचेची बरणी, लेबल खरवडून काढलेली, ती नेहमी फिरते त्या वाटेवर आडवी ठेवा. पहिला आठवडा काहीच करू नका, तिला ती बरणी म्हणजे एक दगडच वाटू दे. त्यानंतर आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कोळंब्या. चिमूटभर अंडी अर्धा लिटर खाऱ्या पाण्यात, हवेची नळी सोडून, एक-सव्वा दिवस ठेवली की नारिंगी ढगासारखी पिल्लं तयार होतात. हवा बंद करून खाली एका बाजूला टॉर्च लावा. टरफलं वर तरंगतात आणि पिल्लं उजेडाकडे गोळा होतात. ती नळीने ओढा, गाळून धुवा आणि त्याच दिवशी द्या, कारण पिल्लांच्या अंगातलं पोषण दुसऱ्या दिवसापर्यंत उतरतं.

देताना पंप बंद. लांब नळीने पिल्लं हळूच बरणीच्या आत सोडा. माझ्या आत्ताच्या मॅन्डरिनने पहिले चार दिवस बरणीकडे ढुंकून पाहिलं नाही. पाचव्या दिवशी काचेबाहेरूनच आतल्या नारिंगी ठिपक्यांवर टोचत राहिली, तोंड काचेला लागतंय हे तिला कळेना. मग कडेने सरकत सरकत तोंडापाशी आली, एक पंख आत टाकला, थांबली आणि शिरली. त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा गेलो. आता नळी पाण्यात दिसली की ती बरणीत जाऊन बसते. एकदा इतकं झालं की पिल्लांमध्ये थोडे फ्रोझन सायक्लॉप्स, म्हणजे गोठवलेले पॉडच, मिसळत जा. कोळंबी बरणीत घुसू नये म्हणून टँकच्या दुसऱ्या टोकाला तिला आधी मोठा तुकडा द्या. आणि पंप पुन्हा चालू करायचा विसर पडू नये म्हणून फोनवर गजर लावा, वीस मिनिटांचा.

पाण्याबद्दल थोडक्यात, कारण मुलाने ते नीट शिकवलेलं दिसतंय. एवढंच विचारतो, मिठासाठी पाणी स्वयंपाकघरातल्या आरओचं घेता का? बऱ्याच घरगुती आरओमध्ये चवीसाठी थोडं साधं पाणी मुद्दाम मिसळलेलं असतं. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर लावून बघा, शून्याच्या जवळ हवं. सोसायटीत टँकरचं पाणी येतं त्या महिन्यांत तर नक्की बघा. आणि उडून गेलेलं पाणी भरताना साधं आरओचं भरायचं, मिठाचं नाही. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. खारटपणा मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ च्या आसपास स्थिर ठेवा.

पुण्याचा पावसाळा या माशांना मानवतो, २५-२६ अंश सहज राहतात. खरी परीक्षा एप्रिल-मेमध्ये. चिलर नसेल तर पाण्यावरून वारा जाईल असा छोटा पंखा लावा. आपली उन्हाळी हवा कोरडी असल्यामुळे पाणी दोन-तीन अंश खाली येतं, फक्त रोज जास्त पाणी भरावं लागतं. डिसेंबरच्या पहाटेसाठी हीटर हवाच. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा निदान वेव्हमेकर, म्हणजे पाणी हलतं ठेवणारा पंप, इन्व्हर्टरवर राहील असं बघा, ते नसेल तर बॅटरीवरचा एअर पंप घरात ठेवा. चार तास हवा नसेल तर मासे सगळेच अडचणीत येतात. वेव्हमेकरचा झोत मॅन्डरिनच्या वाटेवर नको, तिला संथ पाणी लागतं.

गणपतीपर्यंत दीड-दोन महिने हे सगळं केलंत, टॉर्चच्या वहीतले ठिपके वाढत गेले, मादीचं पोट गोल झालं आणि ती बरणीतून खायला लागली, तर नवरात्रात नर आणायला माझी काहीच हरकत नाही.

नर निवडताना स्वतः जा. नराच्या पाठीवरच्या पहिल्या पंखाचा पुढचा काटा लांब, तलवारीसारखा वर निघालेला असतो. मादीचा तोच पंख आखूड आणि गोलसर. पंख बहुतेक वेळा मिटलेला असतो, तो उघडेपर्यंत थांबा, दुकानदार कितीही घाई करो. चुकून दुसरी मादी आली तर बहुधा निभावतं. दोन नर मात्र एकत्र राहत नाहीत, जीव जाईपर्यंत भांडतात. तुमची मादी खरंच मादी आहे का, हेही घरी एकदा नीट बघून घ्या, पिल्लू असताना आणलेल्यांत फसगत होते. दुकानदाराला तुमच्यासमोर खायला घालायला सांगा. पोट, डोक्यामागचा खळगा आणि अंगावर टोचल्याची बारीक जखम बघा, कारण फिलिपीन्समध्ये काही ठिकाणी हे मासे सुईसारख्या टोकाच्या इवल्या भाल्याने पकडतात. टँकमध्येच जन्मलेला मिळत असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी तोच घ्या, तो माणसाच्या हातचं खाणं लवकर स्वीकारतो आणि समुद्रातून एक मासा कमी उचलला जातो. पसंत पडला तरी आठवडाभर तिथेच ठेवायला सांगा आणि पुन्हा जाऊन बघा.

आणताना त्याच्या पिशवीत दुसरा मासा नको. मॅन्डरिनच्या अंगावर खवले नसतात. जाड, कडवट, उग्र वासाचा चिकट थर असतो, आणि घाबरला की तो थर पाण्यात सुटतो. त्याच थरामुळे त्यांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग इतरांपेक्षा कमी होतो, होतच नाही असं नाही. झालाच तर टँकमध्ये तांब्याचं औषध घालू नका. कोळंबी मरेल आणि इतक्या कष्टाने वाढवलेले पॉडही मरतील. घरी आणल्यावर पहिला दिवस-दोन दिवस नराला आरपार दिसणाऱ्या जाळीच्या डब्यात टँकमध्येच ठेवा, मग दिवे मालवून सोडा. टँकवर जाळीचं झाकण असू द्या. नराने थोडा पाठलाग केला तर चालतो. मादी दिवसभर लपूनच राहिली आणि टोचणं थांबलं तर नराला पुन्हा डब्यात घ्या.

आणि जोडी जमली तर काय दिसतं, तेही सांगतो. दिवे मंद होतात त्या अर्ध्या तासात नर पाठीवरचा पंख उभारून मादीभोवती फिरायला लागतो. मादीच्या मनात असेल तर ती त्याच्या शेजारी येते, त्याच्या पंखावर रेलते आणि दोघं अंगाला अंग लावून तळापासून हळूहळू वर चढतात, एखादा दिवा हाताने वर उचलावा तसे. वर पोचल्यावर क्षणभर थांबतात आणि एका झटक्यात खाली पळतात. मागे काचेसारख्या पारदर्शक, एक मिलिमीटरपेक्षाही लहान अंड्यांचा पुंजका तरंगत राहतो. पिल्लं इतकी बारीक असतात की घरच्या टँकमध्ये ती वाढवणं फार अवघड आहे, त्याची आशा धरू नका. पण अंडी घालणाऱ्या मादीला खाणं आणखी लागतं, म्हणून बरण्या चालूच ठेवायच्या.

त्या मंद उजेडातही त्यांचा निळा रंग उठून दिसतो. बहुतेक निळ्या माशांच्या अंगात निळा रंग नसतोच, उजेड परतवणाऱ्या थरांमुळे ते निळे भासतात. मॅन्डरिनच्या पेशींत मात्र खराखुरा निळा रंग असतो. जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये ते दाखवून दिलं, मॅन्डरिनमध्ये आणि तिच्या ठिपक्यांच्या बहिणीमध्ये. तुमच्या लेकाला हे माहीत नसेल, तर त्याला तुम्ही सांगा.

नवरात्रापर्यंत मादीचं पोट भरलं नाही, तर नर आणू नका. दिवाळीत लेकाला एकटी पण गुटगुटीत मॅन्डरिन दाखवा. तिला बरणीत शिरून जेवताना बघून त्याला जो आनंद होईल तो कमी नसेल, मार्चमध्ये त्याने ती तुमच्या भरवशावरच सोडली होती. जोडी मग पुढच्या पावसाळ्यातही होईल.

तर आज रात्री टॉर्च. काचेवर काय दिसलं आणि उद्याच्या पाच मिनिटांत ती किती वेळा टोचली, हे मला दोन ओळींत कळवा. पॉडची पहिली बाटली कधी टाकायची ते त्यावरून ठरवू.